चमूची परीक्षा : पाचांवरून की बारांवरून?

पावसाचा जोर ओसरून शालेय सामन्यांचे दिवस जवळ आले की विद्यार्थ्यांत एकच चर्चा सुरू होते : यंदा आपला बास्केटबॉलचा चमू कितपत मजल मारील? उत्तर बहुधा दोन-तीन नावांतच दिले जाते. अमका उंच आहे, तमक्याचा नेम चुकत नाही. तेव्हा विजय आपलाच! पालकही याच मापाने मोजतात. आमच्या मते हे माप अपुरे आहे. आणि त्यापासून होणारी हानी केवळ हारजितीपुरती राहत नाही.

प्रथम प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. खो-खोत पाठलाग करणारे नऊ, कबड्डीत एका बाजूस सात, पण बास्केटबॉलमध्ये मैदानात पाचच गडी उतरतात. म्हणजे एक निष्णात खेळाडू हा चमूचा पाचवा हिस्सा होय. त्याच्यावाचून मोठे सामने सहसा जिंकले जात नाहीत, हे आम्हांस मान्य आहे. बिनीचा गडी असावाच. प्रश्न इतकाच की, त्याच्यामागे कोण आहे?

खेळाचे नियमच हा प्रश्न विचारावयास लावतात. सामना दहा-दहा मिनिटांच्या चार डावांचा. पाच वैयक्तिक चुका झाल्या की कितीही मोठ्या खेळाडूस बाहेर बसावे लागते. म्हणूनच चमू बारांचा असतो व गडी हवे तितक्या वेळा बदलता येतात. या खेळाचा जन्मही ध्यानात घेण्याजोगा आहे. 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या शिक्षणसंस्थेत जेम्स नेस्मिथ यांनी तो निर्माण केला, तो हिवाळ्यात छपराखाली संपूर्ण वर्गास व्यायाम घडावा म्हणून. वर्गात अठरा विद्यार्थी होते. सबब पहिला सामना नऊ विरुद्ध नऊ असा झाला. कोणासही बाकावर बसवून ठेवण्यासाठी हा खेळ जन्मला नाही.

आता अनुभवाची साक्ष काढू. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या चमूत जगप्रसिद्ध खेळाडू होते. मागील तीन ऑलिंपिकांची सुवर्णपदके त्याच देशाकडे होती. तरी पहिल्याच सामन्यात पोर्तो रिकोने त्यांस 92-73 असे हरविले, आणि उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाने 89-81 असे. मनू जिनोबिली हा अर्जेंटिनाचा बिनीचा गडी होताच. परंतु त्याचे सोबती वर्षानुवर्षे एकत्र खेळलेले होते. सुवर्णपदक त्यांनीच नेले.

दूर कशाला, आपल्या महाराष्ट्रातील दाखला पाहा. 2023-24 च्या प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामापूर्वी सर्वांत मोठी बोली पवन सेहरावत या चढाईपटूवर लागली. 2 कोटी 60 लाखांहून अधिक रुपये देऊन तेलुगू टायटन्सने त्यास घेतले. त्यानेही दोनशेंहून अधिक गुण मिळवून आपले काम चोख बजावले. तथापि 22 सामन्यांत त्या चमूस दोनच विजय लाभले व तो तळाशी राहिला. कारण उघड आहे. कबड्डीत बाद झालेला गडी सोबत्यांनी गुण मिळविल्यावाचून परत येत नाही. प्रतिपक्ष प्रथम त्यालाच धरतो; आणि सोबती दुबळे असले की तो रेषेबाहेर बसून राहतो. त्याच हंगामात पुणेरी पलटणने 22 पैकी 17 सामने जिंकले. अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सवर 28-25 असा विजय मिळविताना कर्णधार अस्लम इनामदारवर सर्व भार पडला नाही. पंकज मोहितेने 9 गुण आणले. कोणास धरावे हेच प्रतिपक्षास उमगेना!

हा न्याय आपल्या भागातील शेतकऱ्यास कोणी शिकवावयास नको. भर पावसाळ्यात इटियाडोहचा सांडवा वाहू लागला की पाहणाऱ्यांची गर्दी लोटते. परंतु उन्हाळी धान लावावे की नाही, हे शेतकरी सांडव्याच्या शोभेवरून ठरवीत नाही. जलाशयात साठा किती उरला आणि कालव्याच्या टोकाच्या बांधीपर्यंत पाणी पोहोचेल काय, हे तो पाहतो. बिनीचा गडी हा सांडवा होय. साठा बाकावर बसलेला असतो.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, चमूचे भविष्य वर्तवावयाचे असेल तर सरावाच्या वेळी दोन उत्तम गड्यांस बाजूस बसवा आणि उरलेले कसे खेळतात ते पाहा. पहिली दहा मिनिटे पाहू नका, शेवटची पाहा. चेंडू अडला असता तो हाताळू शकणारे किती जण आहेत, ते मोजा. आठव्या व नवव्या गड्यास आपले काम ठाऊक आहे काय, ते विचारा. उत्तर समाधानकारक असेल तर खुशाल आशा बाळगा.

पालकांसही एक विनंती. घरी आलेल्या मुलास वा मुलीस 'किती गुण केलेस?' एवढेच विचारू नये. चौदा-पंधरा वर्षांच्या ज्या मुलावर सर्वांची भिस्त असते, त्यास दुखरे गुडघे घेऊन प्रत्येक सामना अखेरपर्यंत खेळावा लागतो; आणि ज्यास कोणी विचारीत नाही, तो हळूहळू मैदानावर येईनासा होतो. एकाच्या शरीराची व दुसऱ्याच्या मनाची अशी हानी करून मिळालेली ढाल शाळेस महागच पडते.

पौलाने करिंथकरांस लिहिताना मंडळीस अनेक अवयवांच्या एका शरीराची उपमा दिली व दुर्बल दिसणारे अवयवही आवश्यक ठरविले. तो उपदेश उपासनेपुरता नाही, मैदानासही लागू आहे. पुढील हंगामात आमचा चमू जिंकेल काय, हे आम्ही आज सांगत नाही. पण बारावा गडी रोज सरावास येत असेल, तर त्याचे भवितव्य चांगले आहे असे आम्ही निःशंकपणे म्हणू.