विमानतळ आणि सातबारा



परदेशातील आपल्या मंडळाच्या कार्यक्रमानंतर पानावर बसले असता ज्या विषयांवर आपण साक्षीपुरावा न घेता निकाल देऊन मोकळे होतो, त्यांत क्रिकेट, चित्रपट, निवडणुका आणि न्यायालयांचे निवाडे यांचा अनुक्रम आजवर बहुधा ठरलेला असे. गेल्या वर्षभरात मात्र नवी मुंबईने या सर्वांना मागे सारले आहे. त्यात नवल नाही. आपल्यापैकी कित्येकांचे आईवडील वाशी-नेरूळला राहतात, कित्येकांनी खारघर किंवा उलवे येथे सदनिका घेऊन ठेवल्या आहेत; आणि त्या शहरानेही चर्चेला खाद्य पुरविण्यात कसूर केलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर कोल्डप्ले हा इंग्रजी वाद्यवृंद येऊन गेला, ८ ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या हस्ते विमानतळाचे उद्घाटन झाले, २ नोव्हेंबरला नेरूळच्याच त्या मैदानावर भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला, आणि २५ डिसेंबरपासून प्रत्यक्ष विमाने उडू लागली.

या सर्व वार्तांवर आपली मते उत्साहाची आहेत. केवळ एका बाबतीत त्यांना वैतागाची छटा येते. विमानतळाला लोकनेते दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे, ही तेथील ग्रामस्थांची मागणी निघाली की आपल्या पंगतीतील सूर बदलतो. ‘सोयी चांगल्या असल्या म्हणजे झाले, नावाचा एवढा आग्रह कशाला?’ असे कोणी म्हणतो, आणि ‘पण हे पाटील कोण?’ असे दुसरा कोणी त्याहून प्रांजळपणे विचारतो. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसताना पहिला प्रश्न विचारण्याचा अधिकार आपणांस कितपत पोहोचतो, एवढाच आजच्या लेखाचा विषय आहे.

ते उत्तर शोधायचे तर नवी मुंबईच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते. १७ मार्च १९७० रोजी सिडको या सरकारी संस्थेची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचे नवे नगर वसविण्याचे काम तिच्याकडे सोपविण्यात आले. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे जुळे शहर उभारण्याची जी कल्पना मांडली होती, तिच्या सौंदर्याविषयी व दूरदृष्टीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते यथार्थच आहे. परंतु नकाशावर जे क्षेत्र मोकळे दिसत होते ते आगरी, कोळी आणि कराडी कुटुंबांची भातशेती, मिठागरे आणि मासेमारीची खाजणे यांनी व्यापलेले होते. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकारी हुकूम निघाला, सातबाऱ्यावरील नावे कमी झाली, मोबदल्याचे धनादेश वाटले गेले. आणि त्याच दशकाच्या अखेरीस चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून वगळला गेला, तेव्हा खातेदाराच्या हाती फिर्यादीखेरीज फारसे उरले नाही.

ही फिर्याद आयुष्यभर ज्यांनी मांडली ते दिनकर बाळू पाटील. १३ जानेवारी १९२६ रोजी उरण तालुक्यातील जासई येथे जन्मलेले, व्यवसायाने वकील, शेतकरी कामगार पक्षाचे नेते, पनवेलचे अनेक वेळा आमदार आणि कुलाब्याचे दोनदा खासदार. न्यायालयाची भाषा आणि शेताच्या बांधावरील भाषा या दोन्ही त्यांना अवगत होत्या, आणि एकीतील मजकूर दुसरीत आणण्याचे काम त्यांनी केले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासईजवळच्या दास्तान फाट्यावर व नवघर येथे आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी प्राणास मुकले. त्यानंतर, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याची योजना आकारास आली. आज ती सरकारी कागदात सौम्य आणि व्यवहारी दिसते. तिच्यामागे ते दोन दिवस आहेत.

त्या हुतात्म्यांना दरवर्षी याच तारखांना अभिवादन केले जाते. २०२५ मध्ये त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १८ जानेवारीला, नेरूळला कोल्डप्लेचा पहिला कार्यक्रम झाला. त्याच्या तिकिटांसाठी लागलेल्या रांगेची आणि त्या तिकिटांच्या काळ्या बाजाराची बित्तंबातमी आपल्याकडे होती. जासईची वार्ता आपल्यापैकी किती जणांपर्यंत पोहोचली, हे ज्याने त्याने स्वतःशी पडताळून पाहावे. गाणे ऐकण्यात काही गैर नाही. एकाच शहराच्या दोन बातम्यांपैकी एकच आपल्याला बातमी वाटावी, ही गोष्ट मात्र विचार करण्याजोगी आहे.

आता नावाच्या आग्रहाकडे वळू. आपण लंडनच्या ज्या हीथ्रो विमानतळावरून मायदेशी जातो, तेही मुळात एका लहानशा वस्तीचेच नाव. १९४४ साली युद्धकालीन अधिकारांचा आधार घेऊन ती वस्ती जमीनदोस्त करण्यात आली. घरे गेली, फळबागा गेल्या, परंतु निदान नाव तरी त्या जागेवर राहिले, आणि त्याचा उच्चार करताना कोणाही प्रवाशाला ते राजकारण वाटत नाही. नव्या विमानतळासाठीही चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वाघिवली, तरघर, कोंबडभुजे अशी दहा गावे उठली, उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळविला गेला. तेथील प्रकल्पग्रस्तांना साडेबावीस टक्के विकसित जमीन देण्याचे ठरले, हा जुन्या लढ्याचाच वारसा होय. २०२२ मध्ये राज्य विधिमंडळाने दि. बा. पाटील यांच्या नावाचा ठरावही संमत केला. तरी उद्घाटनाच्या दिवशी ते नाव विमानतळावर नव्हते.

नाव दिल्याने सर्व हिशेब चुकता होईल, असे आमचे म्हणणे नाही. वाढत्या कुटुंबांनी गावठाणांभोवती जी ‘गरजेपोटी’ घरे बांधली ती नियमित करण्याचा प्रश्न दशकानुदशके दप्तरात लोंबकळत राहिला आहे, आणि नामफलकाच्या समारंभाने त्याच्यावर पडदा पडत असेल तर तो सन्मान महागात पडेल. परंतु ज्यांच्या जमिनीवर धावपट्टी आहे त्यांना तिच्या नावाविषयी मत असणे, ही आपल्याला मत असण्याहून अधिक रास्त गोष्ट आहे.

वाचकांनी आपली प्रतिकूल मतेही अवश्य कळवावीत; पुढील अंकात त्यांना जागा राखून ठेवली आहे. पत्र लिहिण्यापूर्वी मात्र, ज्यांची सदनिका साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर उभी आहे, त्यांनी कपाटातील कागदपत्रे काढून त्रिपक्षीय करारनामा एकवार वाचावा. त्यात सिडको आणि विकासक यांच्या जोडीला तिसरे नाव मूळ शेतकऱ्याचे असते. त्या नावाच्या माणसाला विमानतळाविषयी काय वाटत असेल, याचा विचार करून लिहिलेले पत्र अनुकूल असो वा प्रतिकूल, आम्ही ते आनंदाने छापू.

— संपादक