कोकणात राहून गालीलच्या पावसासाठी

कोकणात पाऊस जूनमध्ये येतो आणि भात पिकवून ऑक्टोबरपर्यंत निघून जातो. अलिबाग, पेण, रेवदंडा इथल्या सिनेगॉगमध्ये मात्र पावसाचं नाव प्रार्थनेत येऊ लागतं ते नेमकं तो गेल्यावर, सुक्कोथचा सण संपताना. मार्च-एप्रिलमध्ये पेसाह, म्हणजे वल्हांडणाचा सण आला की ते थांबतं. मेलबर्नमधल्या ज्यूंचाही हाच क्रम आणि न्यूयॉर्कमधल्यांचाही. आपण राहतो तिथलं आभाळ कसंही असो. ज्यू माणसाच्या तोंडी असतो तो पवित्र भूमीतल्या गालील आणि यहुदियाच्या डोंगरांवरचा पाऊस. तिथे तो हिवाळ्यात पडतो.

हे जुनं नातं बाजूला ठेवून इस्रायलची गोष्ट १९१७च्या बाल्फोर जाहीरनाम्यापासून किंवा हिटलरच्या छळछावण्यांपासून सुरू करायची सवय आपल्याकडच्या चर्चांना लागली आहे. युरोपने पाप केलं आणि त्याची भरपाई म्हणून परक्यांना अरबांच्या जमिनीवर आणून बसवलं, अशी ती मांडणी. तिच्यात अरबांच्या दुःखाची नोंद आहे, पण ज्यूंचा इतिहास गाळलेला आहे.

तो इतिहास दगडावर कोरलेला आहे. इजिप्तचा राजा मेर्नेप्ताह याच्या इसवी सनपूर्व १२०८च्या सुमाराच्या शिलालेखात कनानमधल्या 'इस्राएल' लोकांचा उल्लेख आहे. उत्तर इस्रायलमधल्या तेल दान इथे १९९३मध्ये सापडलेल्या लेखात, शत्रुराजाच्याच तोंडून, दावीदाच्या घराण्याचं नाव येतं. इसवी सनपूर्व ५८६मध्ये बाबिलोनच्या फौजेने जेरुसलेमचं मंदिर पाडलं आणि अनेक ज्यूंना बंदिवान करून नेलं. पुढे इराणच्या सायरसने परतीची परवानगी दिल्यावर ते पुन्हा उभं राहिलं आणि इसवी सन ७०मध्ये रोमनांनी तेही जाळलं. रोममधल्या टायटसच्या कमानीवर मंदिरातून लुटून नेलेला सात फाट्यांचा दीपवृक्ष आजही दिसतो. इसवी सन १३५मध्ये बार कोखबाचं रोमविरुद्धचं बंड मोडल्यावर जेरुसलेममध्ये ज्यूंना मज्जाव झाला, तरी देश त्यांच्यापासून पूर्ण रिकामा कधीच झाला नाही. गालीलमध्ये ते राहिले, तिबेरियात त्यांनी धर्मशास्त्रावर ग्रंथ रचले, सोळाव्या शतकात साफेद हे त्यांच्या गूढविद्येचं केंद्र बनलं.

जे दूर गेले त्यांनी ती भूमी रोजच्या जगण्यात गुंफली. प्रार्थनेला तोंड जेरुसलेमकडे. लग्नात पेला फोडायचा तो मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणात. मृताच्या सोबत कबरीत मूठभर माती ठेवायची ती पवित्र भूमीतली. आणि शेतीविषयीच्या कितीतरी धर्माज्ञा अशा, की त्या भूमीबाहेर त्या लागूच होत नाहीत.

ही ओढ केवळ निवाऱ्याची होती का, याचा निकाल १९०३मध्ये लागला. त्या वर्षी वसंतात रशियन साम्राज्यातल्या किशिनेवमध्ये ज्यूंची भीषण कत्तल झाली. काही महिन्यांनी बाझेलच्या झायोनिस्ट परिषदेत चळवळीचे नेते थिओडोर हर्झल यांनी ब्रिटिशांचा देकार मांडला: पूर्व आफ्रिकेतली जमीन घ्या, तिथे वसाहत करा. कडाडून विरोध झाला, आणि विरोध करणाऱ्यांत खुद्द किशिनेवचे प्रतिनिधी होते! ज्यांच्या दारात रक्त सांडलं होतं त्यांनाही दुसरी भूमी नको होती. दोन वर्षांनी परिषदेने तो प्रस्ताव कायमचा फेटाळला.

आपल्या जवळचा दाखला कोकणातल्या ज्यूंचा, म्हणजे बेने इस्राएलांचा. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. हिब्रू विसरली, पोथ्या बुडाल्या, घाण्यावर तेल गाळणारे हे लोक 'शनिवार तेली' म्हणून ओळखले जाऊ लागले. पण शनिवारचा विसावा, सुंता आणि 'शेमा'ची प्रार्थना त्यांनी सोडली नाही. मंदिराच्या विध्वंसाचा दिवस इतर ज्यू उपासाने पाळतात. कोकणात त्याला 'बिरड्याचा सण' असं नाव पडलं. या समाजाला इथे कोणी छळलं नाही, कोणी हाकललं नाही. तरीही १९४८नंतर वीसेक हजारांच्या या समाजातले बहुसंख्य लोक टप्प्याटप्प्याने इस्रायलला गेले. चांगल्या आयुष्याची आशा त्यात होतीच, पण ती तर मुंबईही देत होती. इस्रायलला पोचल्यावर तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली, तेव्हा ते परत फिरले नाहीत. जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले आणि १९६४मध्ये आपण पूर्ण ज्यू असल्याची मान्यता त्यांनी मिळवली. छळाच्या सिद्धान्ताने या माणसांचा उलगडा होत नाही.

ज्यूंचं हे नातं खरं आहे म्हणून दुसरं, पॅलेस्टिनींचं, खोटं ठरत नाही. १९४८च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घरादाराला मुकले. त्यांच्या ऑलिव्हच्या बागा, त्यांची गावं, त्यांच्या आजोबांच्या कबरी त्याच मातीत आहेत. प्राचीन नातं हा दुसऱ्याला हुसकावण्याचा परवाना होऊ शकत नाही. वेस्ट बँकेत बायबलचा दाखला देऊन पॅलेस्टिनींच्या जमिनी बळकावणारे लोक त्या नात्याचाच अपमान करतात.

म्हणून मराठी वाचकाला एवढीच विनंती. इस्रायलच्या सरकारवर हवी तितकी कठोर टीका करा, गाझातल्या मुलांसाठी आवाज उठवा. ते केलंच पाहिजे. पण ज्यू त्या भूमीत उपरे आहेत, हे वाक्य त्या टीकेतून काढून टाका. आणि कधी अलिबागला गेलात, तर समुद्रावर जाण्याआधी इस्राएल आळीतल्या सिनेगॉगपाशी थोडं थांबा.