रेंज नाही म्हणून गैरहजर? जव्हार-मोखाड्याचा प्रश्न आपलाही आहे

जव्हारजवळचा शिरपामाळ इतिहासात ओळखला जातो तो 1664 सालच्या सुरत मोहिमेमुळे. त्या वाटेवर शिवाजी महाराजांचा मुक्काम इथे पडला आणि जव्हारचे राजे विक्रमशाह यांनी शिरपेच देऊन त्यांचा सन्मान केला, असं सांगितलं जातं. तेव्हा खबर घोड्यावरून जायची. आज याच डोंगराळ पट्ट्यातल्या शाळा, अंगणवाड्या, आरोग्य उपकेंद्रं आणि ग्रामपंचायती यांच्याकडून सरकार रोजची खबर मागतं. ती मोबाइलवरून हवी असते आणि त्याच दिवशी हवी असते. पण जव्हार-मोखाड्यातल्या डोंगराआडच्या पाड्यांवर रेंजसाठी टेकडी चढावी लागते, हे वर्षानुवर्षं बातम्यांत येत आहे.

1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्याचं मुख्यालय जवळ आलं, पण पाडा आणि कार्यालय यांच्यातला दुसरा रस्ता, म्हणजे नेटवर्कचा रस्ता, अजून कच्चाच आहे. आमचं म्हणणं थोडक्यात असं: टॉवर आणि केबल आलीच पाहिजे. पण ती येईपर्यंत रेंज नसल्याची शिक्षा कर्मचाऱ्याला, मजुराला आणि लेकरांना मिळता कामा नये. आणि त्यासाठी टॉवरची वाट पाहायची गरज नाही. काम नोंदवण्याची पद्धत बदलली तरी पुरेल.

कार्यालयाबाहेरचा कर्मचारी म्हणजे कोण?

'घरून काम' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईतला लॅपटॉपवाला तरुण येतो. प्रत्यक्षात सरकारचे सर्वात जास्त कर्मचारी कार्यालयाबाहेरच काम करतात. शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा, आरोग्यसेविका, ग्रामसेवक, तलाठी, रोजगार सेवक हे सगळे त्यातच आले.

मे 2020 मध्ये, लॉकडाऊनच्या दिवसांत, केंद्राच्या कार्मिक विभागाने घरून काम करण्याबाबत एक मसुदा काढला होता. अधिकाऱ्यांना लॅपटॉप द्यावा, फाइलपर्यंत सुरक्षित पोहोचण्यासाठी व्हीपीएन द्यावं, इंटरनेटच्या खर्चाची भरपाई देता येईल, असा विचार त्यात होता. म्हणजे दूर बसून काम करणाऱ्याला साधनं पुरवणं ही मालकाची जबाबदारी आहे, हे सरकारला पटलेलं होतं. मग पाड्यावरच्या सेविकेला हाच न्याय का नको?

तिच्या वाट्याला काय आलं ते पाहा. मार्च 2021 मध्ये 'पोषण ट्रॅकर' आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यातल्या हजारो अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन जुने, मेमरी कमी, ॲप मराठीत धड चालत नाही, ही त्यांची तक्रार होती. पुढे 1 जुलै 2025 पासून घरी न्यायचा पोषण आहार देण्याआधी लाभार्थीचा चेहरा ॲपवर जुळवणं सक्तीचं झालं. ज्या पाड्यावर फोन लागण्याची खात्री नाही, तिथे चेहरा जुळवायचा कसा? 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं दगावली होती. अशा भागात आहाराचं पाकीट आणि बाळाची आई यांच्यामध्ये सिग्नलच्या काड्या उभ्या राहाव्यात, ही साधी तांत्रिक अडचण म्हणता येणार नाही.

रोजगार हमीच्या मजुरांचंही तेच. कामावरची हजेरी दिवसातून दोनदा फोटो काढून ॲपवर घेण्याची पद्धत मे 2021 मध्ये आली आणि 1 जानेवारी 2023 पासून ती सक्तीची झाली. फोटो चढला नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर मजुरी नाही. दिवसभर माती उपसणाऱ्याच्या घामाचा हिशेब जर टॉवरवर अवलंबून राहिला, तर इन्साफ कुठे राहिला? मजुराचा मोबदला वेळेत द्यावा ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती मशिदीच्या आत जितकी खरी, तितकीच रोहयोच्या मस्टरवरही खरी आहे.

शाळेतली अडचण

आम्ही शिक्षक आहोत, म्हणून शाळेचं थोडं सविस्तर सांगतो. डिसेंबर 2023 पासून राज्यातल्या विद्यार्थ्यांची रोजची हजेरी चॅटबॉटवर भरायला सांगितली गेली. यू-डायस प्लसवर प्रत्येक मुलाची स्वतंत्र नोंद असते. त्यात आधार, अपार आयडी, पोषण आहाराची रोजची माहिती आणि शिष्यवृत्तीचे अर्ज यांची भर. यातली बरीच पोर्टलं पक्की ब्रॉडबँड लाइन गृहीत धरून बनवलेली वाटतात. पन्नास रकाने भरून झाले की लाइन जाते आणि पान पुन्हा कोरं होतं. ओटीपी येतो, पण त्याची मुदत संपल्यावर. मग गुरुजी रात्री उशिरा, सर्व्हर मोकळा असताना, तालुक्याच्या गावी बसून फॉर्म भरतात. दिवसा मात्र वर्ग रिकामा सोडून रेंज शोधत फिरावं लागतं.

याचा परिणाम फक्त दमणुकीवर थांबत नाही. शिक्षकांची पदं किती मंजूर करायची हे संच मान्यतेत ठरतं आणि त्यासाठी आधार वैध झालेले विद्यार्थी मोजले जातात. वर्गात बसलेलं मूल पोर्टलवर दिसलं नाही तर शिक्षकाचं पद धोक्यात येतं. उर्दू शाळांना याची झळ चांगलीच माहीत आहे. आधारवर नावाचं स्पेलिंग एक, शाळेच्या रजिस्टरात दुसरं, हा घोळ आपल्या घराघरात आहे. जव्हार-मोखाड्यात त्याला स्थलांतराची जोड मिळते. दिवाळीनंतर कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, मुलंही सोबत जातात. नवीन शाळेत नाव घ्यायचं तर जुन्या शाळेने पोर्टलवर सोडायला हवं, आणि जुनी शाळा रेंजबाहेर.

आणखी एक धोका कमी बोलला जातो. नेट मिळत नाही म्हणून लॉगिन आणि पासवर्ड खासगी सेवा केंद्रवाल्याच्या हाती दिला जातो. त्यातून शेकडो मुलांचे आधार क्रमांक, जन्मतारखा, आई-वडिलांचे फोन परक्याच्या संगणकात जातात. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. कायदा दिल्लीत झाला तरी डेटाची गळती गावातल्या दुकानातून होते. मुलांची माहिती ही अमानत आहे. ती सांभाळायची तर कर्मचाऱ्याला सुरक्षित जोडणी सरकारनेच द्यायला हवी.

केबल कुठवर आली?

ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना 2011 मध्ये मंजूर झाली. पुढे तिचंच नाव 'भारतनेट' झालं. देशातल्या दोन लाखांहून अधिक ग्रामपंचायती 'सेवेसाठी तयार' असल्याची नोंद आहे. पण तयार असणं आणि रोज चालणं यात अंतर आहे. केबल पंचायतीच्या पेटीपर्यंत येते. तिथून शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र यांच्यापर्यंतचा शेवटचा तुकडा राहून जातो. रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली, पावसाळ्यात वीज गेली, बॅटरी उतरली, की तयार असलेली सेवा बंद.

ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटला 1 लाख 39 हजार 579 कोटी रुपये मंजूर केले. त्यात एक चांगली सुधारणा आहे. आधी केबल सरळ रेषेत टाकलेली होती, एका जागी तुटली की पुढची सगळी गावं अंधारात. आता ती वर्तुळात टाकायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने माहिती येत राहील. डोंगराळ तालुक्यांना याचा सर्वात जास्त फायदा होईल, म्हणून काम तिथून सुरू व्हावं अशी मागणी रास्त आहे.

मोबाइलचंही तसंच. जुलै 2022 मध्ये 24,680 वंचित गावांना फोर-जी देण्यासाठी 26,316 कोटी रुपये मंजूर झाले. सप्टेंबर 2025 मध्ये बीएसएनएलच्या देशी फोर-जीचा शुभारंभ झाला. नोव्हेंबर 2025 मध्ये राज्य सरकारने उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकसोबत इरादापत्र केलं. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम यांची नावं घेतली गेली. दऱ्याखोऱ्यांच्या जव्हार-मोखाड्याचं नावही त्यात यावं, यासाठी पालघरच्या लोकप्रतिनिधींनी आग्रह धरायला हवा. डोंगर रेडिओ लहरी अडवतो, उपग्रहाला मात्र वरचं मोकळं आभाळ पुरतं.

टॉवर येईपर्यंत काय?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'रेंज नाही म्हणजे तुम्ही कुठे होता याचा पुरावा नाही,' असं वरचे साहेब म्हणतात. हे बरोबर नाही. फोनमधलं जीपीएस थेट उपग्रहाकडून सिग्नल घेतं, त्याला मोबाइलची रेंज लागत नाही. ठिकाण आणि वेळ दोन्ही त्यातून मिळतात. म्हणजे पाड्यावर काढलेल्या फोटोवर जागा आणि वेळ तिथल्या तिथे नोंदवता येते, आणि ती नोंद फोनमध्ये बंदिस्त करून संध्याकाळी रेंजमध्ये आल्यावर आपोआप पाठवता येते. रोजगार हमीच्या ॲपमध्ये अशी ऑफलाइन सोय ठेवलेली आहे. मग हीच सोय सगळ्या ॲपना का नको?

दुसरी गोष्ट वजनाची. तीस मुलांची हजेरी म्हणजे तीस वेळा 'हो' किंवा 'नाही'. एवढी माहिती 160 अक्षरांच्या साध्या एसएमएसमध्ये मावते. शालेय पोषण आहाराची रोजची आकडेवारी एसएमएसने पाठवण्याची सोय होतीच. जिथे नेट चालत नाही तिथे साधा मेसेज बऱ्याचदा जातो. जड ॲपचा हट्ट सोडून हलका मार्ग ठेवला तर अर्धा प्रश्न सुटेल.

तिसरी गोष्ट नियमाची. रेशनबाबत ऑक्टोबर 2017 मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं होतं की आधार किंवा नेटवर्क नाही म्हणून कुणाचं धान्य अडवू नये, अशा वेळी वेगळ्या नोंदवहीत नोंद करून धान्य द्यावं. अशीच अपवाद नोंदवही हजेरीला, आहाराला, मजुरीला लागू करावी. शाळा, अंगणवाडी किंवा कामाची जागा रेंजबाहेर आहे याची यादी तहसीलदारांनी वर्षातून एकदा जाहीर करावी. त्या यादीतल्या कर्मचाऱ्याला नोंद पाठवायला तीन दिवसांची मुदत मिळावी आणि तोवर कागदी नोंद ग्राह्य धरावी.

यावर कुणी म्हणेल, सवलत दिली की दांड्या वाढतील. शंका खोटी नाही. दुर्गम शाळेत न जाणारे कर्मचारी आहेत आणि त्याचा फटका आदिवासी मुलांनाच बसतो. पण जीपीएसची बंदिस्त नोंद दांडी पकडतेच. उलट आजची पद्धत रेंजच्या जागी जाऊन बसणाऱ्याला हजर दाखवते आणि पाड्यावर शिकवणाऱ्याला गैरहजर.

आपण का बोलायचं?

काही वाचक विचारतील, आदिवासी तालुक्यांच्या या प्रश्नाचा आपल्याशी काय संबंध? संबंध ताजा आहे. 6 जून 2025 रोजी वक्फ मालमत्तांसाठी 'उम्मीद' पोर्टल सुरू झालं आणि सगळी नोंद सहा महिन्यांत करायला सांगितलं गेलं. जुने उर्दू-मोडी दस्त घेऊन मुतवल्ली पोर्टलपुढे रात्र-रात्र बसले. सर्व्हर मंद झाला तरी तारीख तीच राहिली. 1 डिसेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरसकट मुदतवाढ नाकारली आणि न्यायाधिकरणाकडे जायला सांगितलं. सर्व्हरचा दोष आणि मुदतीची शिक्षा माणसाला, हे दुःख आपण नुकतंच भोगलं आहे. जव्हारची सेविका ते रोज भोगते.

न्यायालयांनी वाट दाखवलेली आहे. 2019 मध्ये 'फहीमा शिरीन विरुद्ध केरळ राज्य' या खटल्यात एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हे अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्कात येतं असं सांगितलं. केरळने 2023 मध्ये स्वतःचं 'के-फोन' जाळं उभं केलं.

करण्यासारखं बरंच आहे. जव्हार आणि मोखाडा पेसा क्षेत्रात येतात. तिथल्या ग्रामसभेने ठराव करून शाळा आणि अंगणवाडीची जोडणी मागावी. पेसा गावांना मिळणाऱ्या अबंध निधीतून सोलर बॅटरी आणि शेवटच्या तुकड्याच्या केबलचा विचार व्हावा. शिक्षक आणि सेविकांच्या संघटनांनी, त्यात आपल्या उर्दू शिक्षकांच्या संघटनाही आल्या, वेगवेगळी निवेदनं देण्यापेक्षा एकच मागणीपत्र द्यावं: ऑफलाइन नोंद, एसएमएसचा पर्याय, अपवाद नोंदवही आणि सरकारी खर्चाने फोन व रिचार्ज. आपल्या समाजातले संगणकाचं शिक्षण घेतलेले तरुण गावोगावी शिबिर लावून फॉर्म भरून देतात, ते पुण्याचंच काम आहे. पण त्यांनी सोबत तारीख, वेळ आणि न चाललेल्या पानाचा स्क्रीनशॉट यांची नोंदही ठेवावी. कार्यालयात 'सर्व्हर चालत नव्हता' एवढं तोंडी सांगून भागत नाही, तिथे पुरावा लागतो.

हक मागताना तो फक्त आपल्यापुरता मागितला तर आवाज लहान राहतो. वारली, कातकरी, कोकणा यांच्या लेकरांसाठी उठवलेला आवाज उद्या आपल्या मदरशाच्या, उर्दू शाळेच्या, वक्फच्या नोंदीलाही उपयोगी पडेल.