‘किती टाकू?’चं उत्तर गाडीवरच लिहिलंय!

लायसन्स नवं, गाडी बाबांची आणि समोर जोडून आलेल्या सुट्ट्या. मग काय, ग्रुपवर कोकणचा प्लॅन शिजतो. गाणी ठरतात, मिसळीचा थांबा ठरतो, पुढच्या सीटवरून भांडणंही होतात. टायरमध्ये हवा किती आहे, हे मात्र कुणीच विचारत नाही. तो प्रश्न पंपावरचा हवावाला विचारतो, “किती टाकू?” आणि आपण ठोकून देतो, “टाका तीस-बत्तीस!”

हा आकडा आला कुठून? बहुतेक वेळा ऐकीव. खरा आकडा तुमच्या गाडीवरच छापलेला असतो. ड्रायव्हरचा दरवाजा उघडा आणि चौकटीवरचं स्टिकर वाचा. काही गाड्यांत ते पेट्रोल टाकीच्या झाकणाच्या आत असतं, नाहीतर गाडीसोबत आलेल्या पुस्तकात आकडा सापडतोच. पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे वेगळे असू शकतात. गाडी माणसं-सामानाने भरलेली असेल, तर अनेक गाड्यांना जास्त हवा सांगितलेली असते. पाच जण आणि पाच सॅक घेऊन निघताना पाहायचा तो हाच आकडा.

टायरच्या कडेवर कोरलेला ४४ किंवा ५१ पीएसआयचा आकडा बघून तेवढी हवा भरू नका. ती त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीसाठीचा सल्ला नाही.

दुसरी गोष्ट, हवा थंड टायरमध्ये मोजायची. म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असावी किंवा जेमतेम एक-दोन किलोमीटर चाललेली असावी. धावल्यावर टायर तापतो आणि हवेचा दाब चार-पाच पीएसआयने सहज वाढतो. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो, हा वाढीव दाब त्यात गृहीत धरलेला आहे. म्हणून हायवेवर मध्येच थांबून ‘जास्त झाली’ म्हणत हवा सोडू नका.

आणि तो जुना सल्ला, ‘उन्हाळ्यात हवा कमी ठेव, टायर फुटणार नाही’? नेमका उलटा! हवा कमी असली की टायरची कड प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, जास्त वाकते आणि त्यातूनच जास्त तापते. कडक ऊन, भरलेली गाडी आणि सलग शंभरचा वेग यांची भर पडली की टायर फुटण्याचा धोका वाढतो. पावसातही हेच. हवा कमी असेल, तर टायरखालचं पाणी नीट बाजूला सारलं जात नाही आणि गाडी घसरू शकते. शिवाय टायर दोन्ही कडांनी झिजतो आणि पेट्रोलही जास्त जातं, म्हणजे कॉन्ट्रीही वाढली!

मग ठासून भरावी का? तेही नको. जास्त हवेने टायर मधोमध झिजतो, रस्त्यावरची पकड कमी होते आणि प्रत्येक खड्डा थेट कमरेत बसतो.

नायट्रोजनवरून वाद घालण्यातही अर्थ नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. काहीही भरा, दाब बरोबर हवा. पंक्चर नसलं, तरी टायरमधून महिन्याला एखाद-दोन पीएसआय कमी होतातच. त्यामुळे महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी हवा तपासायलाच हवी. छोटा गेज स्वतःकडे ठेवा, एका पिझ्झाच्या पैशात येतो. आणि स्टेपनी विसरू नका. गरज पडल्यावर तीच बसलेली निघाली, तर घाटात वाली कोण?

गाडी रस्त्याला टेकते ती फक्त चार तळहातांएवढ्या जागेवर. मागे झोपलेले तीन मित्र आणि घरी जागी असलेली त्यांची आई, सगळ्यांचा भरवसा त्या चार तळहातांवर असतो. स्टिअरिंग हातात घेतलंत, की ही जबाबदारी हवेवाल्याची नाही, तुमची. पुढच्या वेळी “किती टाकू?” असं विचारलं, की ऐकीव नको, स्टिकरवरचा आकडा सांगा.