नोकरीचं दार ठेक्यावर देताना

गेल्या महिन्यात बहिणीचा मुलगा घरी आला होता. आयटीआय झालेला, फिटर ट्रेड. पास होऊन दोन वर्षं झाली. चहा पिताना म्हणाला, "मामू, तीन महिने झाले नाव लिहून. अजून फोन नाही."

नाव लिहिलं होतं ते नगरपालिकेच्या रोजगार केंद्रात. केंद्र नगरपालिकेचं, पण चालवायला दिलेलं एका खासगी संस्थेला. जागा चांगली आहे म्हणाला. काचेचा दरवाजा, थंड पाण्याचा कूलर, चार कॉम्प्युटर. टेबलावरच्या मुलीनं नीट बोलून फॉर्म भरून घेतला. त्याच्यासोबत नाव लिहिलेल्या वर्गातल्या दोघांना आठ-दहा दिवसांत एमआयडीसीतल्या कंपनीत पाठवलं. याला नाही. एवढ्यावरून मी कुणावर भेदभावाचा आरोप करणार नाही. त्या दोघांचे मार्क जास्त असतील, कंपनीला दोनच मुलं हवी असतील.

मला खटकलं ते पुढचं. आपला नंबर का लागला नाही, हे विचारायला तो केंद्रात गेला. तिथं सांगितलं, "आम्ही संस्थेची माणसं, नगरपालिकेत विचारा." नगरपालिकेत गेला तर साहेब म्हणाले, "ते आता संस्थेकडे दिलंय, तिथं विचारा." दोन चकरा मारून पोरगं घरी बसलं. ही त्याची तक्रार ऐकल्यापासून मी या ठेक्याच्या प्रश्नावर विचार करतोय.

आधी एक फरक सांगितला पाहिजे. सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्य सरकारनं नऊ खासगी एजन्सींमार्फत कंत्राटी पदं भरण्याचा शासन निर्णय काढला होता. राज्यभर तरुण रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. तिथं खुद्द नोकरीच कंत्राटी होती. इथं नोकरी शोधून देणारं कार्यालय कंत्राटावर जातं. यावर मोर्चा निघत नाही, बातमीही चार ओळींची येते. पण ज्याच्याकडे वशिला नाही, त्याच्यासाठी हे कार्यालय म्हणजेच दार असतं.

या दाराचा इतिहास जुना आहे. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना कामाला लावण्यासाठी १९४५ मध्ये ही व्यवस्था उभी राहिली. पुढे ती सगळ्यांसाठी खुली झाली आणि १९५६ मध्ये कार्यालयांचं रोजचं काम राज्यांकडे आलं. १९५९ च्या कायद्यानं पंचवीस किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनाही रिकाम्या जागा कळवणं बंधनकारक केलं. फक्त कळवणं. त्यातूनच माणूस घेतला पाहिजे, अशी सक्ती त्या कायद्यात कधीच नव्हती. त्यामुळे कार्यालयाच्या हातात यादी राहिली आणि नोकरी बाहेर राहिली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की, सरकारी भरतीसाठी या कार्यालयाची यादी पुरेशी नाही, जाहिरातही दिली पाहिजे. ते योग्यच होतं, पण कार्यालयाचं उरलंसुरलं वजनही त्यानंतर कमी झालं.

माझंही कार्ड होतं. बारावीनंतर वडिलांनी हाताला धरून नेलं होतं. लांबलचक रांग, जाळीच्या खिडकीमागं एक त्रासलेला कारकून. कॉल कधीच आला नाही. नूतनीकरण करून करून शेवटी कार्ड फाटलं. त्यामुळे "सरकारी होतं तेव्हा सगळं उत्तम होतं" असं मी म्हणणार नाही. माझ्या पिढीतल्या कुणालाही विचारा, तोही म्हणणार नाही. मात्र एक गोष्ट आठवते. त्या कारकुनानं नाव, बापाचं नाव, मोहल्ला सगळं लिहून घेतलं आणि नंबर दिला. तो नंबर सरकारच्या रजिस्टरमध्ये होता. मला काम मिळालं नाही, याचीही तिथं नोंद होती. न मिळालेल्यांची संख्या सरकारला सांगावी लागत असे. विधिमंडळात प्रश्न विचारला तर उत्तर द्यावं लागत असे.

ठेका दिला की पहिल्यांदा हे मोजमाप बदलतं. संस्थेला पैसे मिळतात ते किती जणांना कामाला लावलं यावर. वरवर पाहता यात वावगं काहीच नाही. काम झालं तर पैसे, नाही तर नाही. पण संस्थेच्या जागी स्वतःला ठेवून बघा. महिन्याला शंभर पोरं येतात. वीस जण सहज लागतील असे आहेत, चाळीस जणांना थोडं शिकवावं लागेल आणि उरलेल्या चाळिसांसाठी कंपनीच्या दारात चार-चारदा जावं लागेल. पैसे दर डोक्यामागं सारखेच. मग तुम्ही कुणाचा फोन आधी उचलाल?

ही नुसती शंका नाही, हे एका देशानं करून बघितलं आहे. ऑस्ट्रेलियात १९४६ पासून सरकारी रोजगार सेवा होती. १९९८ मध्ये ती गुंडाळून सगळं काम निविदा काढून बाहेर दिलं गेलं. खासगी कंपन्या आल्या, तशा चर्चशी जोडलेल्या सेवाभावी संस्थाही आल्या. चारच वर्षांत, २००२ मध्ये, तिथल्या सरकारी उत्पादकता आयोगानं पाहणी केली. त्यांनी स्पर्धेची पद्धत मोडीत काढा असं म्हटलं नाही, पण ज्यांना काम मिळणं सगळ्यात अवघड, त्यांना नाव नोंदवून नुसतं बाजूला उभं करून ठेवलं जातं, हे नोंदवलं. त्याला तिकडे शब्दच पडला, 'पार्किंग'. गाडी लावून ठेवतात तशी माणसं लावून ठेवायची. पुढे नियम बदलले, नावं बदलली, ठेके नव्यानं निघाले. अखेर नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या संसदेच्या समितीनं अहवाल दिला की, ही सेवा पूर्णपणे बाजारावर सोडण्याचा प्रयोग फसला आहे आणि सरकारनं पुन्हा स्वतः यात उतरलं पाहिजे. पंचवीस वर्षं लागली हे कबूल करायला.

आता आपल्याकडं या. इथं 'अवघड' म्हणजे कोण? कमी शिकलेला, अपंग, लहान मुलं असलेली बाई, खेड्यातला. आणि ज्याचं नाव वाचूनच कंपनीचा माणूस कागद खाली ठेवतो तो. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत फार बोलका आहे. त्यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फक्त नावं वेगळी. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. तिथं फक्त कागद गेले होते, माणूस समोर गेलाच नव्हता.

हे आकडे संस्थेच्या टेबलावर ठेवून बघा. ज्या मुलीनं माझ्या भाच्याचा फॉर्म भरला, तिच्या मनात काही वाईट असण्याची गरजच नाही. तिला महिन्याचं टार्गेट आहे. कोणत्या कंपनीचा एचआर कुणाला परत पाठवतो, हे तिला दोन महिन्यांत कळतं. तिसऱ्या महिन्यापासून ती तशी नावं पाठवणंच बंद करते. कंपनीचा भेदभाव असा नकळत केंद्राच्या आत येतो आणि त्याचा कागद कुठंच उरत नाही. कंपनी म्हणणार, आमच्याकडे नाव आलंच नाही. केंद्र म्हणणार, कंपनीची मागणी नव्हती. नगरपालिका म्हणणार, टार्गेट पूर्ण झालं. तिघंही खरं बोलत असतील.

सरकारी कारकून यापेक्षा न्यायी असतोच असं नाही. पण त्याच्यावर संविधानाच्या सोळाव्या कलमाचं, माहितीच्या अधिकाराचं, वरच्या साहेबाचं थोडं तरी बंधन असतं. संस्थेवर बंधन असतं ते करारात लिहिलेल्या कलमांचं. करारात न लिहिलेली गोष्ट तिला विचारताच येत नाही.

दुसरी भीती आणखी जवळची. मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीलाच केंद्र चालवायला मिळालं तर? मग केंद्रात आलेला पोरगा तिच्याच हजेरीपटावर जातो. कंपनी पैसे एजन्सीला देते, एजन्सी आपलं कापून पोराला देते. सहा-सात महिन्यांनी 'ब्रेक' मिळतो आणि तो पुन्हा केंद्रात येऊन नाव लिहितो. एमआयडीसीत काम केलेल्या कुणालाही हा ब्रेक माहीत आहे. केंद्राच्या कागदावर मात्र एका पोराच्या दोन नोकऱ्या दिसतात. त्याच्या घरात एकही पक्की नसते.

आता आपल्या समाजात मी एक गोष्ट ऐकतोय, तीही बोलली पाहिजे. काही मित्र म्हणतात, ठेका निघणारच असेल तर आपल्याच एखाद्या संस्थेनं घ्यावा. मोहल्ल्यात केंद्र येईल, आपली पोरं लागतील. भावना समजते. सच्चर समितीनं २००६ मध्येच दाखवून दिलं होतं की, मुसलमान स्वयंरोजगारात जास्त आणि नियमित पगाराच्या नोकरीत कमी आहेत. गॅरेज, वेल्डिंग, बेकरी, फळांचा गाडा, सेंट्रिंग ही कामं ओळखीनं मिळतात आणि ओळख मोहल्ल्यापुरतीच असते. मोहल्ल्याबाहेर नेणारं दार हवं, हे खरंच.

पण ऑस्ट्रेलियाचा अनुभव इथंही विचारात घ्या. तिथल्या सेवाभावी संस्था गरिबांसाठीच काम करणाऱ्या होत्या. ठेका घेतल्यावर त्यांनाही तेच टार्गेट, तीच बिलं, तोच हिशोब. काही वर्षांनी अभ्यासकांना दिसलं की, नफ्यासाठीची कंपनी आणि सेवाभावी संस्था यांच्या कामाच्या पद्धती एकसारख्या होत चालल्या आहेत. करार माणसाला आपल्यासारखा करून घेतो. उद्या आपल्या संस्थेच्या अध्यक्षांनाही मार्चअखेर आकडा द्यावा लागेल आणि मग मोहल्ल्यातलाच कमी शिकलेला पोरगा मागं राहील. शिवाय शेजारच्या वस्तीतली दलित किंवा पारधी मुलगी त्या केंद्रात यायला बिचकेल. सगळ्यांचं दार एकेका समाजाच्या अंगणात हलवण्यात आपलंही भलं नाही.

मग करायचं काय? खासगी माणसाला कारखान्यांची माहिती असते, मुलाखतीची तयारी तो चांगली करून घेतो. ते काम त्याला जरूर द्यावं. मात्र नावनोंदणी, कुणाला कुठं पाठवायचं याची यादी आणि तक्रार ऐकणं, ही तीन कामं सरकारी माणसाच्याच हातात राहिली पाहिजेत. मजूर पुरवण्याचा धंदा करणाऱ्याला केंद्र देऊ नये. पैसे द्यायचे ते पोरगा वर्षभर टिकल्यावर, आणि अवघड माणसासाठी जास्त. केंद्राबाहेर दर महिन्याला एक फलक लागावा. किती आले, किती जणांना पाठवलं, किती जणांना काम मिळालं, किती बसून आहेत. त्यात बाया किती, अपंग किती, अनुसूचित जाती-जमातीचे किती, अल्पसंख्याक किती. बसून असलेल्यांचा आकडा लिहायची वेळ आली की कुणालाही कामाला लागावं लागेल.

यातलं थोडं आपल्याही हातात आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं जुन्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला 'करिअर सेंटर'च्या व्याख्येत बसवलंय. नाव काहीही असो, तिथं आपल्या पोरींची, पोरांची नोंद किती आहे? "तिकडं जाऊन काय होतंय" म्हणून आपण जातच नाही आणि मग आपण कुठल्याच आकड्यात येत नाही. ज्याची नोंद नाही, त्याला डावललं हे सिद्ध करता येत नाही. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या चार जणांनी रविवारी दोन तास बसून फॉर्म भरून द्यावेत, पोच घ्यावी, तिची झेरॉक्स जपून ठेवावी.

भाच्यासाठी मी तेच केलंय. नगरपालिकेला माहितीच्या अधिकारात अर्ज दिला. केंद्राच्या कराराची प्रत मागितली आणि तीन महिन्यांत किती फिटर आले, किती पाठवले, हे विचारलं. आवक-जावकचा शिक्का मारताना क्लार्क म्हणाला, "चाचा, हे आमच्याकडं नसतं, संस्थेकडं असतं." मी म्हणालो, "मग तसंच लिहून द्या." अजून उत्तराची मुदत संपलेली नाही. भाचा सध्या माझ्या एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये जातोय. ओळखीनंच लागला.