अहिल्याबाईंस 'महाराणी' म्हणावे काय?

अंबड येथील खंडोबाचे देऊळ अहिल्याबाई होळकरांनी बांधविले, ही गोष्ट त्या गावच्या पोरासोरांसही ठाऊक असते. परंतु ती सांगताना 'महाराणी अहिल्यादेवी' असे म्हणण्याची चाल अलीकडे व्याख्यानांतून व उत्सवांच्या फलकांवरून पडत चालली आहे. कोणी याहून पुढे जाऊन 'सम्राज्ञी' म्हणतात. भक्तीच्या भरात निघालेल्या शब्दाविषयी तक्रार करणे हा अरसिकपणा आहे, असे कित्येकांस वाटेल. तथापि ती करणे आम्हांस अवश्य वाटते. या पदवीने बाईंचा मान तसूभरही वाढत नाही. उलट त्यांनी जे केले तेच नेमके झाकले जाते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम 'राणी' या शब्दाचा अर्थ पाहू. यासाठी फ्रान्सच्या राजघराण्याइतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही, कारण तेथे पदव्यांचा हिशेब शतकानुशतके काटेकोरपणे ठेवला गेला. त्या देशात स्त्रीस गादी मिळत नसे. दहावा लुई व पाठोपाठ त्याचा तान्हा मुलगा १३१६ साली मरण पावले, तेव्हा लुईची मुलगी जान हिला डावलून तिचा चुलता राजा झाला. हीच जान पुढे १३२८ साली शेजारच्या नाव्हार राज्याची स्वतःच्या हक्काने राणी झाली, कारण तेथील रिवाज निराळा होता. फ्रान्समध्ये मात्र राणी म्हणजे राजाची बायको, एवढाच अर्थ राहिला. मुलगा अज्ञान असेल तर त्याच्या नावाने आईने कारभार पाहावा, इतकी सवलत असे. १२२६त कास्तीलच्या ब्लांशने आणि १६४३त ऑस्ट्रियाच्या ॲनने तो पाहिला. परंतु पतीमुळे किंवा पुत्रामुळे जे येते ते त्यांच्याबरोबर जाते. १७९३च्या जानेवारीत सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मारी आंत्वानेत न्यायासनापुढे उभी राहिली ती 'कापेची विधवा' म्हणून. पदवी नवऱ्याची होती. ती त्याच्या मस्तकासवे गेली.

आता याच मापाने अहिल्याबाईंस मोजून पाहावे. त्यांचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले, तेव्हा सुभेदार मल्हारराव हयात होते. खंडेरावांस सुभेदारी कधी मिळालीच नाही. तेव्हा त्यांची पत्नी राणी कोठून होणार? मल्हारराव १७६६त वारले. पुत्र मालेराव त्यांच्या जागी आला, तोही वर्ष पुरे होण्याच्या आत गेला. म्हणजे राजमातेच्या नात्याचा आधारही उरला नाही. पती नाही, सासरा नाही, पुत्र नाही. फ्रेंच राजनीतीच्या हिशेबाने त्या वेळी या बाईंपाशी शून्य होते.

आणि नेमक्या या शून्यापासून त्यांचा खरा इतिहास सुरू होतो. दिवाण गंगाधर यशवंत यांनी दत्तकाचा बेत मांडला व राघोबादादांनी त्यास पाठबळ दिले. दत्तक लहान असता तर कारभार दिवाणांच्या हाती गेला असता, हे उघड आहे. बाईंनी तो बेत हाणून पाडला. पेशवे माधवराव त्यांच्या बाजूस राहिले. सुभेदारीची वस्त्रे तुकोजी होळकरांस मिळाली. फौज व मोहिमा त्यांच्याकडे, आणि खजिना, न्याय व मुलकी कारभार महेश्वरी बाईंकडे, अशी वाटणी झाली. वयाने वडील असूनही तुकोजी त्यांस 'मातोश्री' म्हणत. शिवाय १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंस दौलतीहून निराळी अशी खासगीची जहागीर मिळालेली होती. ती वारशाने अहिल्याबाईंकडे आली. या खासगीचा अधिकार नवऱ्याच्या गादीवर अवलंबून नव्हता, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. अशा रीतीने, कोणतीही राजपदवी नसता, १७६७ पासून १७९५ पर्यंत अठ्ठावीस वर्षे त्यांनी राज्य चालविले. हुकुमावर अक्षरे असत ती 'श्रीशंकर' अशी. फ्रान्सचा राजा ईश्वराच्या कृपेचा उल्लेख करून पुढे स्वतःचे नाव घाली. येथे ईश्वराचेच नाव राहिले.

पदवी व सत्ता या दोन निराळ्या वस्तू आहेत, याची उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने १३४० साली 'फ्रान्सचा राजा' ही पदवी धारण केली. १५५८त कॅले हातचे गेले, आणि फ्रान्सच्या मुख्य भूमीवर इंग्रजांची एक वीतही जमीन उरली नाही. तरी इंग्लंडचे राजे १८०१ पर्यंत ती पदवी मिरवीतच होते! महेश्वरी अहिल्याबाई बिनपदवीने राज्य करीत होत्या, तेव्हा लंडनात तिसरा जॉर्ज बिनराज्याची ही पदवी अंगावर वागवीत होता. यांतील थोर कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

फार दूर जावयासही नको. ज्या १८१८च्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडील आपले सर्व हक्क सोडले, त्याच तहनाम्यात बाल मल्हाररावांस 'महाराजा' असे संबोधिले आहे. मुलूख गेला आणि शब्द राहिला. पुढे ब्रिटिश अमदानीत इंदूरच्या अधिपतींच्या नावामागे 'महाराजाधिराज राजराजेश्वर सवाई' अशी मालिका लागली व एकोणीस तोफांची सलामी ठरली. अंबड निजामाच्या राज्यात गेले आणि १९४८च्या सप्टेंबरपर्यंत तेथेच राहिले. पण 'निजाम-उल्-मुल्क' ही तरी पदवी कोणाची? मुलखाची व्यवस्था पाहणाऱ्या बादशाही अंमलदाराची! सुभेदार काय, पेशवा काय, निजाम काय, ही सारी चाकरीची नावे. या भूमीवर खरी हुकमत बहुधा अशाच नावांनी चालली आहे. ती 'राजा' शब्दासाठी अडून राहिली नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, 'महाराणी' हा केवळ आदराचा शब्द आहे, त्याचा कीस कशास काढावा? आमचे उत्तर असे की, आदराचे शब्द लोकांनी केव्हाच दिलेले आहेत. 'मातोश्री' व 'पुण्यश्लोक' हे शब्द वर्तनातून मिळतात. विवाहातून अगर जन्मातून नव्हे. सोलापूरच्या विद्यापीठाने 'पुण्यश्लोक' हाच शब्द आपल्या नावात घेतला, हे योग्यच झाले. दुसरा आक्षेप असा की, 'महाराणी' नाकारणे म्हणजे त्यांची सत्ता दुय्यम ठरविणे होय. आम्ही म्हणतो, याच्या अगदी उलट. राणीस राज्य मिळाले, यात नवल ते काय? सुभेदाराच्या विधवा सुनेने, पती व पुत्र दोघेही गेल्यावर, दिवाणाशी व राघोबादादांशी झगडून कारभार आपल्या हाती राखला, हे नवल आहे. 'महाराणी' म्हणताच हा सारा झगडा ऐकणाराच्या दृष्टीआड होतो, आणि त्या काळच्या स्त्रीस कोणत्या वाटेने सत्ता मिळविता येई हा प्रश्नच उरत नाही. आमच्या मुलींनी यातून शिकावयाचे ते हेच आहे. मुकुट घातलेल्या चित्रातून त्या काय शिकणार?

संस्थानिकांच्या पदव्यांची सरकारी मान्यता १९७१ साली घटनादुरुस्तीने संपली. जिवंतांच्या पदव्या आपण काढून घेतल्या आणि ज्यांनी त्या कधी मागितल्या नाहीत अशा मृतांस त्या वाटीत बसलो आहोत, हा विपरीत प्रकार होय. अंबडकरांस तर याची विशेष लाज वाटावी. कारण त्यांचे गाव वसविणारा राजा राज्यकारभारास कंटाळून डोंगरातील गुहेत जाऊन राहिला, अशी कथा तेथे सांगतात. आणि लोक त्यास महाराज म्हणत नाहीत, अंबऋषी म्हणतात. पूर्वजांस शब्दांची पारख होती. खंडोबाच्या देवळाविषयी बोलताना 'मातोश्री अहिल्याबाई होळकर' एवढेच म्हणावे. त्याहून मोठे नाव आम्हांस तरी सापडलेले नाही.