दोन विद्यांचा संधि

गेल्या पंधरवड्यांत आमच्या पालीच्या ओटीवर जो प्रश्न निघाला, तो आज पुष्कळ सुशिक्षित घरांत निघत असला पाहिजे, म्हणून तो वाचकांपुढें मांडतों. माझ्या धाकट्या बंधूंची नात बारावींत आहे. अमेरिकेंतील, जेथें निवड फार कसून होते अशा महाविद्यालयांकडे तिला अर्ज पाठवावयाचे आहेत. कोणता विषय घेण्याचा मानस आहे, असें त्या अर्जांत विचारलेलें असतें. शहरांतील एका सल्लागारानें तिला सांगितलें कीं, दोन-तीन शास्त्रें जोडलेला एखादा दुर्मिळ विषय लिहावा; तसे अर्ज थोडे येतात, म्हणून प्रवेश सुलभ होतो. तिचे वडील म्हणाले, अशानें पोर धड ना इकडची, धड ना तिकडची व्हायची! शेवटीं ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, “आजोबा, तुम्हीच सांगा, मी काय लिहूं?” घरांतील ठेवीचा मोठा भाग या शिक्षणास लागणार असल्यानें प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

उत्तर देण्यापूर्वीं मीं तेथील व्यवस्थेची माहिती करून घेतली. हार्वर्ड, स्टॅनफर्ड यांसारख्या विद्यापीठांत अर्जांत लिहिलेला विषय बंधनकारक नसतो. विद्यार्थी तो दुसऱ्या वर्षीं ठरवितो. उलट बर्कले येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांत विशिष्ट शाखेसाठींच प्रवेश मिळतो आणि मागाहून शाखा बदलणें कठीण पडतें. तेव्हां प्रत्येक ठिकाणचा नियम स्वतः वाचणें, हें पहिलें काम. जोडविषय म्हणजे थोतांडही नव्हे. स्टॅनफर्ड येथें तत्त्वज्ञान, भाषाशास्त्र, मानसशास्त्र व संगणकशास्त्र यांचा मिळून एक अभ्यासक्रम १९८६ पासून चालत आला आहे. आपल्याकडेही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें मुख्य विषयाच्या जोडीस दुसऱ्या शाखेचा विषय घेण्याची वाट मोकळी केली आहे.

परंतु दोन विद्या शेजारीं बसविल्यानें त्यांचा संधि होत नाहीं. तो कसा होतो, हें दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या चरित्रांत दिसतें. १९०७ सालीं गोमंतकांत जन्मलेले कोसंबी अकराव्या वर्षीं वडिलांबरोबर अमेरिकेस गेले व १९२९ सालीं हार्वर्डचे पदवीधर झाले. तेथें बर्कहॉफ या थोर गणितज्ञानें त्यांस गणितावरच लक्ष एकवटण्याचा उपदेश केला. पण त्यांनीं नाना विषयांचा अभ्यास केला आणि प्रत्येकांत प्रावीण्य मिळविलें. डॉक्टरेट न घेतांच ते स्वदेशीं परतले, हेंही विसरूं नये. पुढें पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयांत गणित शिकवीत असतां, तक्षशिलेस सांपडलेल्या प्राचीन आहत नाण्यांचा कालक्रम कसा लावावा, या प्रश्नाच्या ते मागें लागले. नाणें हातोहातीं फिरून झिजतें, अर्थात् त्याचें वजन घटतें. चलनांतील हजारों नाणीं तोलून त्यांनीं या झिजेचें गणित बसविलें व तें जुन्या नाण्यांस लाविलें. इतिहासाचें कोडें गणितावांचून सुटत नव्हतें. म्हणून दोन विद्या एकत्र आल्या. याच गृहस्थांनीं १९४८ सालीं शेंकडों हस्तलिखितें ताडून भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ति प्रसिद्ध केली.

हें सांगून मीं मुलीस विचारलें, “विषयाचें नांव राहूं दे. तुला छळणारा प्रश्न कोणता, तो सांग.” तिनें एक वही आणून पुढें ठेविली. संस्कृत संधि आपोआप करणारी आज्ञावली ती संगणकासाठीं रचीत होती. ‘मुनि’ आणि ‘ईश’ हे शब्द दिले असतां यंत्रानें ‘मुनीश’ न करतां ‘मुन्यीश’ केलें! यण् आणि सवर्णदीर्घ असे दोन नियम एकाच जागीं लागूं पाहतात. त्यांत बलवान् कोणता, हें पाणिनीनें ठरवून दिलें आहे, पण तें यंत्रास कसें समजवावें? दोन महिने ती याच्याशीं झटत होती आणि चुकलेले प्रयत्नही तिनें तारखेवार लिहून ठेविले होते.

मी म्हणालों, “अगं, हेंच अर्जांत लिही. भाषाशास्त्र आणि संगणकशास्त्र हें नांव यांतून आपोआप निघतें. मात्र तुझ्या वडिलांचें भय अगदींच खोटें नाहीं. गणिताचा पाया कच्चा ठेवूं नकोस.”

तिचा चुलतभाऊ जीवशास्त्रांत रमतो आणि तबलाही उत्तम वाजवितो. ताईचें पाहून तोही जोडविषय शोधूं लागला. त्याचे दोन्ही छंद खरे आहेत, पण दोहोंस मिळून एक प्रश्न अजून पडलेला नाहीं. त्यास मीं सांगितलें, “बाळ, तूं जीवशास्त्रच लिही आणि तबला मनापासून वाजव. यांत कमीपणा कांहींच नाहीं.”

पालकांस माझी एवढीच विनंति आहे कीं, कोणत्या नांवानें प्रवेश मिळेल, हें विचारण्यापूर्वीं मुलाची वही उघडून पाहावी. उसन्या प्रश्नावर प्रवेश मिळाला, तरी पुढचीं चार वर्षें तो प्रश्न मुलालाच वागवावा लागतो. आमच्या मुलीच्या अर्जांचीं उत्तरें चैत्राच्या सुमारास येतील. तीं कशींही येवोत. परवां रात्रीं तिचे वडील चष्मा लावून ती वही वाचीत बसले होते, आणि ‘मुन्यीश’ कां चुकलें, हें त्यांनीं सकाळीं मला विचारलें.